मॅरोची सुई बाहेर येण्यापूर्वी: खाटेजवळच्या छोट्या सूक्ष्मदर्शकाचा खरोखर उपयोग होतो का?

सत्तरीची_वाट | २ जुलै, रात्री ९.४०

मी उत्तर गोव्याच्या अंतर्भागातील एका लहान रुग्णालयात मेडिसिनचा डॉक्टर म्हणून काम करतो. गेल्या पावसाळ्यात घडलेला एक प्रसंग मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

पासष्टीच्या एक आजी अशक्तपणा आणि अंगावरच्या निळ्या डागांसाठी आल्या होत्या. रक्तातल्या तिन्ही प्रकारच्या पेशी कमी होत्या आणि रक्ताच्या काचेवरून, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी काचपट्टीवर पसरलेल्या थेंबावरून, काहीच ठरत नव्हते. आमच्याकडे अस्थिमज्जेचा, म्हणजे आपण सारे ज्याला बोन मॅरो म्हणतो त्याचा, नमुना क्वचितच काढला जातो. कमरेच्या मागच्या हाडात सुई घातली, सिरिंज ओढली, लालभडक द्रव आला, सहा काचा केल्या आणि त्या आजींच्या नातवाच्या हाती देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवल्या. पाच दिवसांनी अहवाल आला की नमुन्यात रक्ताचीच सरमिसळ फार आहे, मज्जेचे कण नाहीत, तपासणी पुन्हा करावी. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, एकदा सोसले ते पुरे." त्यांचे मन वळवण्यात तीन आठवडे गेले. दुसऱ्या नमुन्यात रक्ताच्या कर्करोगाच्या कोवळ्या पेशी स्पष्ट दिसल्या, ज्या रक्तात जवळजवळ नव्हत्याच.

ते तीन आठवडे आम्ही घालवले, आजींनी नव्हे. पहिल्या दिवशी, आजी अजून कुशीवर असताना आणि बधिर केलेली जागा अजून बधिर असतानाच, त्या काचांवर काही नाही हे मला कळले असते तर सुई थोडी सरकवून दुसऱ्यांदा ओढता आले असते. म्हणून विचारतो: बॅटरीवर चालणारा, हातात उचलून नेता येईल असा छोटा सूक्ष्मदर्शक खाटेजवळ ठेवून नमुना पुरेसा आहे की नाही एवढेच तिथल्या तिथे पाहणे व्यवहार्य आहे का? निदान करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पेजेत शिते आहेत की नुसतेच पाणी, एवढाच प्रश्न आहे. किती मोठे करून पाहावे, काच रंगवावी की न रंगवता पाहावी, आणि पाहावे कोणी, यावर अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

मॅरोवाचक | २ जुलै, रात्री ११.०५

मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि "कण नाहीत, पुन्हा करावे" असे वाक्य मला वर्षात अनेकदा लिहावे लागते. प्रत्येक वेळी ते लिहिताना त्यामागे एक माणूस पुन्हा सुई खाणार आहे याची जाणीव असते, म्हणून तुमचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

तरीही सूक्ष्मदर्शकाकडे वळण्याआधी एक गोष्ट विचारते. पहिल्या ओढीत तुम्ही किती द्रव घेतला होता? काचांसाठीची पहिली ओढ पाव ते अर्धा मिलिलिटर इतकीच असावी. सिरिंज झटक्यात ओढायची आणि नळीत लाल दिसताच थांबायचे. त्यापुढे जे येते ते बहुतांशी मज्जेच्या पोकळ्यांतले रक्त असते आणि तेच पहिल्या थेंबांतले कण पातळ करून टाकते. फ्लो सायटोमेट्री (यंत्राने पेशींचे प्रकार ओळखण्याची तपासणी) किंवा गुणसूत्रांच्या तपासणीसाठी जास्त द्रव लागतो, पण तो दुसऱ्या सिरिंजमध्ये, नंतर घ्यायचा. क्रम उलटा झाला तर काचा वाया गेल्याच म्हणून समजा.

दुसरे असे की अनेकदा डोळेच पुरतात. तो थेंब वॉच ग्लासमध्ये (काचेच्या उथळ बशीत) किंवा तिरप्या धरलेल्या काचेवर सोडला की रक्त खाली ओघळते आणि मज्जेचे कण जागच्या जागी राहतात. ते करडे-पांढरे, रव्याच्या दाण्याएवढे किंवा त्याहून बारीक असतात आणि त्यांच्याभोवती चरबीचे थेंब चकाकतात. हे सारे पटकन करावे लागते, कारण मज्जा फार लवकर गोठते.

शंकासूर | ३ जुलै, सकाळी ७.१५

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. डोळ्यांनी दिसत असेल, तर मग यंत्र कशासाठी?

मॅरोवाचक | ३ जुलै, सकाळी ८.३०

योग्य शंका आहे. डोळा तीन ठिकाणी फसतो. पहिले म्हणजे बारीक गुठळी आणि मज्जेचा कण हे दोन्ही नुसत्या डोळ्याला सारखेच दिसू शकतात. दुसरे म्हणजे चकाकणारी चरबी ही मज्जेतलीच असेल असे नाही, कातडीखालची चरबीही सुईबरोबर येते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्या रुग्णांत निदान सर्वांत निकडीचे असते त्यांच्याच मज्जेत नेहमीचे रूप बिघडलेले असते. रक्ताच्या कर्करोगात मज्जा पेशींनी इतकी गच्च भरलेली असते की चरबी उरतच नाही, तर मज्जा सुकण्याच्या विकारात कणात चरबीच तेवढी असते. अशा वेळी काच शंभर पटीने मोठी करून पाहिली तर एका मिनिटात उलगडा होतो. माझा विरोध यंत्राला नाही. यंत्र चूक झाल्याचे सांगते, चूक टाळत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

सत्तरीची_वाट | ३ जुलै, दुपारी २.२०

मॅरोवाचक ताई, आपण नेमक्या जागी बोट ठेवलेत. नोंदवहीत पाहिले. पहिल्याच ओढीत तीन मिलिलिटर घेतले होते, कारण एकाच सिरिंजमधून सर्व नळ्या भरायच्या असे मी शिकलो होतो आणि तेच पुढे चालवत आलो. आजच ते बदलले आहे. पण पहिली ओढ अचूक घेऊनही कधी कण येत नाहीत, आणि ते मला त्याच क्षणी कळायला हवे. माझा मूळ प्रश्न म्हणूनच उभा आहे.

काचपट्टी | ३ जुलै, रात्री ८.५०

मी निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. १९८६-८७ च्या सुमारास पणजीत मलेरियाने डोके वर काढले, तेव्हापासून पुढची कित्येक वर्षे बांधकामांच्या ठिकाणी जाऊन मजुरांच्या बोटांतून रक्त घेणे, काचा करणे आणि त्या पाहणे हेच माझे काम होते. मॅरो मी पाहिलेला नाही. परंतु प्रयोगशाळेबाहेर सूक्ष्मदर्शक नेण्याचा अनुभव माझ्याकडे आहे आणि गोव्यात त्याचा सर्वांत मोठा शत्रू कोण हे मी ठामपणे सांगू शकतो. तो म्हणजे दमट हवा.

जून ते सप्टेंबर या काळात काच लवकर सुकत नाही. हळूहळू सुकलेल्या काचेवर लाल पेशींत चमकदार पोकळ्या दिसू लागतात आणि नवशिक्याला त्या जंतू वाटतात. मिथेनॉलची बाटली उघडी राहिली की ते हवेतले पाणी ओढून घेते, आणि अशा मिथेनॉलने काच पक्की केली तर पुढे कितीही चांगला रंग द्या, पेशी बिघडलेल्याच दिसतात. आम्ही मिथेनॉल छोट्या घट्ट झाकणाच्या बाटल्यांत वाटून ठेवत असू आणि मोठी बाटली क्वचितच उघडत असू. काच हाताने हलवून किंवा छोट्या पंख्यासमोर धरून ताबडतोब सुकवायची. तोंडाने फुंकर घालू नये, कारण श्वासातही ओलावा असतो.

भिंगांवर बुरशी धरते हा दुसरा त्रास. पडून फुटलेला सूक्ष्मदर्शक मी माझ्या नोकरीत एखादाच पाहिला असेन, पण बुरशीने आंधळे झालेले कितीतरी पाहिले. घट्ट डब्यात सिलिका जेल ठेवावे, त्याचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरावे, आणि यंत्र कपाटात कोंडून न ठेवता रोज वापरात ठेवावे.

रंगाविषयी विचारले आहेत म्हणून सांगतो. लिशमनचा रंग उत्तम, पण त्याला वेळ लागतो. घाईच्या कामासाठी फील्डचा रंग पाहा. जॉन विल्यम फील्ड यांनी तो १९४० च्या सुमारास मलायात मलेरियाच्या जाड काचेसाठी तयार केला. पातळ काचेसाठी त्याची बदललेली रीत आहे. मिथेनॉलने पक्की केलेली काच पातळ केलेल्या लाल रंगात काही सेकंद, धुवून निळ्यात काही सेकंद, पुन्हा धुणे, आणि काम झाले. सगळे मिळून दोन मिनिटांच्या आत होते.

दिवाडीचा_धक्का | ४ जुलै, सकाळी १०.१०

मी प्रकाशीय उपकरणांच्या दुरुस्तीचे काम करतो. "किती मोठे करून पाहावे" या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण छोटी यंत्रे विकणारे लोक याच जागी ग्राहकाची दिशाभूल करतात.

डब्यावर "हजार पट" लिहिलेले असले म्हणजे हजार पट दिसते असे नव्हे. दोन जवळचे बिंदू वेगळे दाखवण्याची क्षमता भिंगाच्या न्यूमेरिकल अॅपर्चरवर, म्हणजे ते किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते यावर, ठरते. साध्या दहापट भिंगाचे अॅपर्चर ०.२५ असते आणि ते सुमारे १.३ मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतर वेगळे करू शकते. तेलातले, म्हणजे काचेवर तेलाचा थेंब ठेवून वापरायचे, शंभरपट भिंग १.२५ अॅपर्चरचे असले तर ही मर्यादा सुमारे ०.३ मायक्रॉनपर्यंत उतरते. आता तुमच्या कामाकडे पाहा. लाल पेशी सात ते आठ मायक्रॉनची. मज्जेतली मेगाकॅरिओसाइट नावाची राक्षसी पेशी, जी पाहून काच मज्जेचीच आहे अशी खात्री पटते, ती पन्नास ते शंभर मायक्रॉनची. मज्जेचा कण तर त्याहूनही कितीतरी मोठा. म्हणजे दहापट भिंग आणि दहापट नेत्रिका (डोळ्याजवळचे भिंग), एकूण शंभर पट, हे तुमच्या कामाला पुरून उरते.

मोठेपणा वाढवला की उलट नुकसान होते. नेहमीच्या नेत्रिकेतून दहापट भिंगाने एका नजरेत सुमारे १.८ मिलिमीटर रुंदीची जागा दिसते, तर शंभरपट भिंगाने त्याच्या दहाव्या हिश्शाची. कण शोधायचे असतील तर रुंद नजर हवी. पेशीच्या गाभ्याचे बारकावे पाहायचे असतील तर अरुंद पण तीक्ष्ण नजर हवी, आणि ते काम मॅरोवाचक यांच्या टेबलावरचे आहे.

वाहून नेण्याच्या सूक्ष्मदर्शकाची कल्पना नवी नाही. जॉन मॅकार्थर यांनी १९३० च्या दशकात हातात मावणारा सूक्ष्मदर्शक घडवला होता आणि त्यामागेही मलेरियाच्याच काचा होत्या. अलीकडे, २०१४ मध्ये, स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या गटाने कागदाच्या घडीचा फोल्डस्कोप लोकांपुढे आणला, जो सुमारे एकशे चाळीस पट मोठे दाखवतो. शाळेतल्या मुलांच्या हाती द्यायला त्याच्यासारखी वस्तू नाही. पण गोलाकार भिंगामुळे त्यात मधला भाग तेवढा स्पष्ट आणि कडा धूसर दिसतात, शिवाय काच हाताने सरकवत संपूर्ण पाहणे अवघड जाते. तुमच्या कामासाठी मी तो सुचवणार नाही.

माझा सल्ला असा. एका डोळ्याचा, धातूच्या बैठकीचा साधा सूक्ष्मदर्शक घ्या, ज्यात पाच व्होल्टच्या पॉवर बँकेवर चालणारा एलईडी दिवा आहे आणि काच सरकवण्यासाठी स्क्रूची यांत्रिक पट्टी आहे. ही पट्टी नसेल तर घेऊच नका. भिंगाचे आटे जुन्या प्रमाणित मापाचे, म्हणजे २०.३२ मिलिमीटरचे आहेत ना ते पाहा, म्हणजे एक भिंग बुरशीने गेले तर दुसरे बसवता येईल. काच न रंगवता पाहायची असेल तर खालचा, प्रकाश काचेवर एकवटणारा कंडेन्सर उतरवून पडदा अरुंद करावा लागतो, आणि स्वस्त यंत्रांत नेमका हाच भाग नसतो.

पेडण्याची_लेक | ४ जुलै, रात्री १०.३०

मी रुग्णाच्या बाजूने लिहिते. माझ्या वडिलांचा मॅरो दोनदा काढावा लागला, आठ दिवसांच्या अंतराने. कातडी आणि हाडावरचा पडदा बधिर केलेला असतो, पण सिरिंज ओढतानाची कळ बधिर होत नाही, हे आम्हाला कोणी आधी सांगितले नव्हते. वडील आयुष्यभर शेतात राबलेले. पायात काटा मोडला तरी स्वतः काढणारे. तेही त्या क्षणी ओरडले. दुसऱ्या वेळी दारापाशी पोहोचल्यावर त्यांचे पाय थबकले ते मी पाहिले आहे.

पहिल्याच दिवशी कोणी म्हणाले असते, की पाच मिनिटे थांबा, काच पाहतो, गरज पडली तर आणखी एकदा ओढावे लागेल, तर त्यांनी ते नक्की सोसले असते. माणूस एकदा मनाची तयारी करून आडवा होतो. घरी जाऊन, जेवून, झोपून, पुन्हा तीच तयारी करणे याची तुलना होत नाही. म्हणून यंत्र घ्या किंवा घेऊ नका, पण संमतीपत्रावर सही घेतानाच "कदाचित दोनदा ओढावे लागेल" हे सांगा.

एक प्रश्नही आहे. काच पाहीपर्यंत सुई आतच राहते का? ती पाच मिनिटे रुग्णाला कशी जातात?

मॅरोवाचक | ४ जुलै, रात्री ११.२०

पेडण्याची लेक, आपले लिहिणे वाचून काही वेळ थांबावे लागले. आपण म्हणता ते संमतीपत्रात लिहूनच घ्यायला हवे.

सुईविषयी सांगते. वॉच ग्लासमध्ये कण पाहायला अर्धे मिनिटही लागत नाही. तेवढा वेळ आतली दांडी परत बसवून सुई जागेवर ठेवता येते. रंगवलेली काच पाहायची असेल तर मात्र सुई काढून जागेवर दाब देऊन ठेवावा, निर्जंतुक कापड तसेच राहू द्यावे आणि रुग्णाला हलवू नये. बधिरतेचे औषध तेवढ्यात उतरत नाही. गरज पडली तर त्याच छिद्रातून, हाडावर थोड्या वेगळ्या जागी, दुसऱ्यांदा जाता येते. त्याच जागी पुन्हा ओढले तर बहुधा रक्तच येते.

रक्तशास्त्र_विद्यार्थी | ५ जुलै, सायंकाळी ६.००

मी इथे थोडा वेगळा सूर लावतो. अपुऱ्या नमुन्यांतला मोठा वाटा तंत्राच्या चुकीचा नसून रोगाचाच असतो. मायलोफायब्रोसिसमध्ये मज्जेत तंतूंचे जाळे झालेले असते, हेअरी सेल ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगातही तसेच, आणि कर्करोग हाडात पसरला असेल तरी सिरिंज कोरडीच राहते. अशा कोरड्या ओढीत काचेवर पाहायला काहीच नसते. तेव्हा सूक्ष्मदर्शक काय करणार? उत्तर ट्रेफाइन बायोप्सीत आहे. जमशिदी सुईने हाडाचा किमान दोन सेंटिमीटर लांबीचा तुकडा घ्यावा आणि फॉर्मेलिनमध्ये टाकण्यापूर्वी तो काचेवर हलकेच टेकवून ठसे घ्यावेत. रक्तशास्त्राच्या मानकीकरणासाठीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००८ मध्ये जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत या ठशांना स्थान आहे.

मला दुसरी भीती खोट्या दिलाशाची वाटते. काचेवर एक कण दिसला म्हणून डॉक्टर निश्चिंत होतील आणि बायोप्सी करणार नाहीत.

सत्तरीची_वाट | ५ जुलै, रात्री ९.१५

आपला मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो, पण त्यातून मला यंत्राच्या विरोधातला नव्हे तर बाजूचाच निष्कर्ष दिसतो. आमच्यासारख्या ठिकाणी ट्रेफाइन प्रत्येकाची होत नाही. काचेवर कण नाहीत हे तिथल्या तिथे कळले, तर ट्रेफाइन त्याच बैठकीत करावी की रुग्णाला थेट मोठ्या केंद्राकडे पाठवावे हा निर्णय पाच दिवसांनी न होता पाच मिनिटांत होईल. खोट्या दिलाशाची भीती मात्र खरी आहे.

अक्षरवेल्हाळ | ६ जुलै, सकाळी ९.००

वैद्यकाबाहेरची एक सूचना करतो. इंग्रजी "पार्टिकल"साठी इथे सगळे कण म्हणत आहेत. धागाकर्त्यांनी पहिल्याच लेखात शिताची उपमा दिली, ती मला सर्वांत बोलकी वाटली, कारण आपल्याकडे पेज निवळ आहे की दाट हे लहान मुलालाही कळते. रुग्णाला समजावताना "पेजेत शीत सापडले नाही, म्हणून पळी पुन्हा घालतो" असे म्हटले तर ते सत्तरी तालुक्यातल्या आजींना लगेच उमगेल.

रक्तशास्त्र_विद्यार्थी | ६ जुलै, सकाळी ९.४५

उपमा सुंदर आहे, पण "शितावरून भाताची परीक्षा" ही म्हण मॅरोला लावू नये अशी विनंती. भात सगळीकडे सारखा शिजतो, मज्जा तशी नसते. काही रोग मज्जेत ठिकठिकाणी विखुरलेले असतात, आणि एका कणात नसलेले दुसऱ्या कणात सापडते. पेशींची मोजणीही पाचशेपर्यंत नेतात ती याचसाठी. एका शिताने "पेज आहे" एवढेच सिद्ध होते.

वाळपईची_परिचारिका | ६ जुलै, दुपारी ३.३०

काच कोणी पाहावी या प्रश्नाकडे सर्वांनी पाठ फिरवली आहे, म्हणून लिहिते. ज्यांनी निर्जंतुक हातमोजे घातले आहेत त्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाला हात लावायचा नाही. एकदा स्क्रू फिरवला की ते हात पुन्हा सुईकडे जाऊ शकत नाहीत, आणि घाईत नेमके तेच होते. खोलीत दुसरा माणूस हवा, शक्यतो प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. तोच काचा करील, सुकवील, पाहील आणि तोंडी सांगेल. तंत्रज्ञ उपलब्ध नसेल त्या दिवशी हे करूच नये.

यंत्र रुग्णाच्या खाटेवर किंवा औषधांच्या ट्रॉलीवर न ठेवता वेगळ्या टेबलावर ठेवावे. न रंगवलेली, पक्की न केलेली काच म्हणजे ताजे रक्तच असते. आमच्या तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे (गोचिडींतून पसरणाऱ्या विषाणूच्या तापाचे) रुग्ण आढळत आले आहेत आणि उन्हाळ्यापर्यंतच्या महिन्यांत आम्ही प्रत्येक तापाच्या रुग्णाचे रक्त जपून हाताळतो. पाहणाऱ्याच्या हातातही मोजे असावेत आणि काम संपल्यावर स्क्रू, पट्टी, बैठक निर्जंतुक द्रवाने पुसावी. भिंगाला मात्र तो द्रव लागू देऊ नये, त्यासाठी वेगळा मऊ कागद असतो.

या गडबडीत रुग्णाकडे दुर्लक्ष होऊ नये. प्लेटलेट कमी असलेल्या माणसाच्या जागेवर पुरेसा वेळ दाब द्यावा लागतो आणि नंतर त्याला पाठीवर झोपवायचे असते, म्हणजे स्वतःच्या वजनाने दाब राहतो. सगळे काच पाहायला वळले आणि दाब धरणारा हातच सुटला, असे मी पाहिले आहे.

बालरोग_म्हापसा | ७ जुलै, रात्री ८.२०

लहान मुलांविषयी थोडे लिहितो. मुलांचा मॅरो गुंगी देऊन काढतात, म्हणजे पुन्हा करणे म्हणजे पुन्हा उपाशी ठेवणे, पुन्हा गुंगी देणे आणि आईवडिलांची पुन्हा ती घालमेल. त्यामुळे तिथल्या तिथे खात्री करण्याची गरज मुलांत मोठ्यांपेक्षाही जास्त आहे. तान्ह्या बाळांत नमुना नडगीच्या हाडातूनही घेतात. मुलांच्या मज्जेत चरबी कमी आणि पेशी जास्त असतात, म्हणून चकाकणारे थेंब शोधत बसणारा इथे हमखास फसेल. मुलांचा मॅरो लहान ठिकाणी करूच नये हे माझे मत आहे, पण जिथे करतात तिथे हे यंत्र गुंगी देणाऱ्या डॉक्टरांच्या शेजारी असावे.

मॅरोवाचक | ७ जुलै, रात्री ९.५०

आणखी एक विनंती, जी मी कळकळीने करते. छोट्या सूक्ष्मदर्शकावर मोबाइल टेकवला की फोटो निघतो, आणि फोटो निघाला की तो व्हॉट्सअॅपवर येतो. "मॅडम, हे ब्लास्ट आहेत का?" (ब्लास्ट म्हणजे कर्करोगाच्या कोवळ्या पेशी) असा प्रश्न मला रात्री येतो, सोबत शंभर पटीचा धूसर फोटो आणि कोपऱ्यात रुग्णाचे नाव लिहिलेली काच. त्या फोटोवरून मी हो म्हणाले तरी चूक, नाही म्हणाले तरी चूक. फोटोतली जागा पाठवणाऱ्याने निवडलेली असते, ती काचेची साक्ष नसते. खाटेजवळ पाहायचे ते फक्त "पुरेसे आहे का" एवढेच. "काय आहे" हे तिथे कोणी उच्चारूही नये, कारण रुग्ण जागा असतो आणि ऐकत असतो.

पेडण्याची_लेक | ७ जुलै, रात्री १०.०५

हे शेवटचे वाक्य प्रत्येक प्रोसिजर रूमच्या दारावर लावा.

सत्तरीची_वाट | २१ सप्टेंबर, रात्री ८.३०

दोन महिन्यांहून अधिक काळानंतर धागा वर आणत आहे. आम्ही यंत्र घेतले. दिवाडीचा धक्का यांनी सांगितल्याप्रमाणे एका डोळ्याचे, यांत्रिक पट्टीचे, पॉवर बँकेवर चालणारे. तेलाचे भिंग मुद्दाम काढून ठेवले आहे, म्हणजे मोहच होणार नाही. काच तंत्रज्ञ पाहतात, मी पाहत नाही. संमतीपत्रात दुसऱ्या ओढीचे वाक्य आले आहे.

दोन प्रसंग सांगतो. पहिल्यात न रंगवलेल्या काचेवर कण दिसल्याचे आम्ही ठरवले आणि अहवालात त्या बारीक गुठळ्या निघाल्या. रुग्णाला पुन्हा बोलवावे लागले, आणि मी स्वतः घरी जाऊन क्षमा मागितली. त्या दिवसापासून एक काच फील्डच्या रंगात रंगवल्याशिवाय "पुरेसे आहे" असे म्हणायचे नाही हा नियम केला. गुठळीत पेशींची दाटी आणि चरबीच्या पोकळ्या एकत्र दिसत नाहीत, हे रंगवल्यावर लगेच कळते.

दुसरा प्रसंग गेल्या आठवड्यातला. धावे गावाकडचे पन्नाशीचे गृहस्थ, बाहेर मुसळधार पाऊस, मधेच वीज गेली. पहिल्या काचेवर नुसत्या लाल पेशी, कण एकही नाही. तंत्रज्ञांनी तसे सांगितले, मी गृहस्थांना सांगितले, त्यांनी मान हलवली. सुई सरकवून पुन्हा ओढले. दुसऱ्या काचेवर तीन कण, आणि त्यांच्या कडेला दोन मोठ्या मेगाकॅरिओसाइट. सुई घातल्यापासून पट्टी लावेपर्यंत वीस मिनिटे लागली. अहवालात नमुना पुरेसा असल्याचे लिहून आले आहे.

काचपट्टी | २१ सप्टेंबर, रात्री ९.१०

वाचून फार समाधान वाटले. सिलिका जेलचा रंग पाहिलात का? सप्टेंबर संपत आला म्हणून सैल सोडू नका, बुरशी पाऊस थांबल्यावर दिसते.

सत्तरीची_वाट | २१ सप्टेंबर, रात्री ९.२५

काका, आताच जाऊन पाहिले, गुलाबी झाले होते. उद्या तापवून ठेवतो.

मॅरोवाचक | २१ सप्टेंबर, रात्री १०.४०

अभिनंदन. एकच सांगायचे राहिले. पहिल्या ओढीच्या, कण नसलेल्या काचा फेकून देऊ नका. त्यांवर पेन्सिलीने "ओढ १" आणि दुसऱ्यांवर "ओढ २" असे लिहून दोन्ही पाठवा. रक्तमिश्रित काचेतही कधी कधी एखादी पेशी असते जिच्यासाठी मी तासभर शोधत असते, आणि खाटेजवळ रंगवलेली ती एक काचही सोबत ठेवा, म्हणजे तुमचे तंत्रज्ञ जे पाहत आहेत तेच मीही पाहीन आणि जिथे फरक पडेल तिथे त्यांना फोन करून सांगू शकेन.